एक्केचाळिसावी पेटी

मेसेज आला तेव्हा आमचे मिस्त्री दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण, अर्धा गाल मोकळा. फोन खिडकीत वाजला तसा त्यांनी वस्तरा मगातल्या पाण्यात बुडवून ठेवला आणि डोळे बारीक करून वाचायला लागले. एकदा वाचलं, दोनदा वाचलं, मग मला हाक मारली.

"अगं, हे बघ काय म्हणतायत."

"तुम्हीच वाचा. मला चष्मा सापडत नाहीये." चष्मा माझ्या डोक्यावरच होता.

त्यांनी वाचून दाखवलं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून जुना सिग्नल बंद. जुने फोन चालणार नाहीत, ग्राहकांनी नवे फोन घ्यावेत. शेवटी कंपनीने सहकार्याबद्दल आभार मानले होते. सहकार्य कोणी केलं कोणास ठाऊक.

"आज तारीख काय?" मी विचारलं.

"अठरा."

"आणि आपल्या पेट्या?"

त्यांनी उरलेला गाल उरकला आणि हनुवटीला कापून घेतलं.

पेट्यांचं आधी सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. आमच्याकडे विहिरी घरापासून लांब आणि लाईटचा काही नेम नाही. ती आली की मोटार चालू करायची आणि पाणी तळाला गेलं की बंद. तेवढ्यासाठी माणसं दिवसातून चार चार खेपा घालायची. मिस्त्रींनी त्यावर युक्ती काढली. जुना बटणांचा फोन घ्यायचा, पत्र्याच्या पेटीत बसवायचा आणि त्याची वायर मोटारीच्या स्टार्टरला जोडायची. घरी बसून त्या फोनला मिस्ड कॉल दिला की मोटार सुरू, पुन्हा दिला की बंद. फोन वाजताना थरथरतो ना, ते थरथरणं म्हणजे आत एक इवलीशी मोटार असते. ती काढून टाकायची आणि तिचा करंट वळवून मोठ्या मोटारीला इशारा द्यायचा. एवढीच कला. अशा एक्केचाळीस पेट्या आसपासच्या विहिरींवर होत्या आणि प्रत्येक पेटीच्या झाकणाच्या आतून पांढऱ्या रंगाने 'मिस्त्री' असं लिहून खाली त्यांचा नंबर.

युक्ती त्यांची, त्यात वाद नाही. जोडकाम माझं. त्यांना खांबांवर चढायची सवय. तरुणपणी तारेच्या टेलिफोनचे खांब चढून गुडघे घालवले, त्यातून बोटंही जाड झालेली. बारीक काम हाती आलं की त्यांचा जीव मेटाकुटीला यायचा. एकदा मी म्हटलं, द्या इकडे. तेव्हापासून तीस वर्षं ते माझ्याकडेच आहे. मी आतल्या खोलीत खिडकीशी बसून जोडायची आणि ते बाहेर गिऱ्हाइकाशी बोलायचे. आतल्या खोलीत कोण येऊन बघतंय.

फोन बदलत गेले तसं आमचं घर बदलत गेलं. आधी तारेचा फोन, मग आमचं नाणं टाकून बोलायचं खोपटं. तेव्हा लोक रांग लावायचे, आणि आत जाऊन काय मोठ्याने बोलायचे ते सगळ्या रांगेला पाठ व्हायचं. मग खिशातले फोन आले आणि खोपटं बसलं. पहिला आला तो विटेएवढा, वर काडी. मग डोक्यावर दिवा असलेला, मग सरकवायचा, मग फोटो काढणारा, मग दोन सिमांचा, गाणी अशी वाजवायचा की शेजारच्या गल्लीत गुरं बुजायची. सगळे माझ्या मांडीवर उघडे पडून गेलेत. त्यानंतर काचेचे आले आणि दुरुस्ती संपली. ते उघडतच नाहीत, सगळीकडून डिंकाने चिकटवलेले. आमच्या दुकानासमोर तीन दुकानं झाली, तिन्ही काचेची, आत गारवा. लोक तिथे जातात, मोडका देतात, नवा घेऊन येतात. आम्हाला उरल्या त्या पेट्या.

त्या दिवशी मिस्त्री बाजारात गेले आणि दुपारी आले ते अंगात वारं भरल्यासारखे.

"सगळ्यांना सांगून आलो. प्रत्येकाने नवीन सिग्नलचा साधा बटणांचा फोन आणून द्यायचा. बारा दिवसांत सगळ्या पेट्या बदलून देतो. मजुरी नाही."

"बारा दिवसांत चाळीस?"

"एक्केचाळीस. आपली धरून."

"आणि मजुरी का नाही?"

"मी गॅरंटी दिलेली आहे. मी आहे तोवर पेटी चालेल, असं सांगून बसवलंय प्रत्येकाला. आता मी आहे की नाही?"

"आहात."

"मग झालं तर."

खरं म्हणजे ते वाक्य ते बोलायचे तेव्हा लोक हसायचे. बोलण्याची एक पद्धत होती ती. आता बाजारात चौघांनी तेच वाक्य त्यांच्यासमोर धरलं आणि त्यांनी छाती पुढे काढली. त्यांना वाटलं असेल, काचेच्या दुकानवाल्यांसमोर अजून आपल्याला कोणी विचारतंय. त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं. पण त्यांनी आधी मला विचारायला हवं होतं. माझ्या उजव्या डोळ्यात मागच्या हंगामापासून धुरळा होता. दिव्याकडे बघितलं की दिव्याभोवती दुधाचा डाग पसरल्यासारखं व्हायचं. मी कोणाला बोलले नव्हते. डोळा गेला म्हटलं की घर बसलं, हे मला आणि त्यांना दोघांनाही सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून फोन यायला लागले. नवे कोरे, हलके, खोक्यातून काढले की प्लॅस्टिकचा वास. एकाच साच्यातले, निळे आणि काळे. मी पहिला उघडला आणि हात टेकले. जुन्या फोनात ती थरथरणारी मोटार पेन्सिलीच्या तुकड्याएवढी असायची, दोन लांब वायरींनी लटकलेली. ह्यात मसुरीच्या दाण्याएवढी चकती, आतल्या सर्किटच्या पट्टीलाच चिकटवलेली, आणि जोडायच्या दोन जागांमध्ये केसाएवढी फट. कथिल जरासं सांडलं की दोन्ही जागा एक होणार.

"होईल ना?" मिस्त्री दारातून म्हणाले.

"बघते."

"तुझ्या हाताला काय अवघड आहे."

असं ते आतल्या खोलीत पुष्कळदा म्हणायचे.

उन्हाळा ऐन भरात होता. पत्र्याखाली बसून तापलेली कावीळ हातात धरायची, म्हणजे कथिल वितळवायची ती कांडी. आमच्याकडे तिला कावीळच म्हणतात, का ते विचारू नका. पंखा लावला तर कथिल गार होतं, म्हणून पंखा बंद. घाम भुवईवरून डोळ्यात उतरायचा, तो पुसायला हात मोकळा नाही. संध्याकाळपर्यंत पाठीचा कणा वेगळा काढून भिंतीला टेकवून ठेवावा असं वाटायचं. दिवसाला तीन फोन व्हायचे, एखाद्या दिवशी चार.

दिसत नव्हतं तिथे मी जिभेवर भागवलं. ही माझी जुनी सवय. जोडून झालं की दोन्ही वायरी जिभेच्या टोकाला लावायच्या आणि दुसऱ्या फोनवरून रिंग द्यायची. करंट आला की जिभेला आंबूस लागतं, जीभ बारीक आखडते. नाही आला तर नुसता लोखंडाचा वास. मिस्त्री ह्या सवयीला घाबरायचे, पण माझ्या जिभेने कधी खोटं सांगितलं नव्हतं.

त्या दिवसांत विहिरींवरची लाईट असायची सकाळी सहा ते दुपारी दोन. तेवढ्यात पेट्या बसवायच्या. मिस्त्री पुढे, मी मागे हत्यारांची पिशवी घेऊन. पेटीचे गंजलेले स्क्रू ते काढायचे, नवा फोन बसवायचे, मोठ्या वायरी आवळायचे. मग मालकाला म्हणायचे, द्या रिंग. मोटार घुरघुरायची, पाईपातून आधी हवा यायची आणि मग पाणी. मालकाचा चेहरा खुलायचा. मिस्त्रींना खुर्ची, मिस्त्रींना चहा. मला म्हणायचे, वहिनी, तुम्ही कशाला उन्हात आलात, बसा तिकडे सावलीत. मी बसायचे. तीस वर्षांत सावलीत बसायची चांगली सवय झालीय मला.

चौथ्या दिवशी रविवार होता. रविवारी दुपारी आमच्या मुलीचा फोन येतो. ती लग्न करून लांब गेली, यायला दोन दिवस लागतात. फोन येतो तो मिस्त्रींच्या फोनवर, आणि मिस्त्री त्या वेळेला कुठेतरी बाहेर. संध्याकाळी आले की मी विचारते.

"फोन आला होता का?"

"आला होता."

"काय म्हणाली?"

"बरी आहे म्हणे."

"अजून?"

"अजून काय. जरा अशक्तपणा वाटतो म्हणाली. म्हटलं, खात जा नीट."

एवढं मला मिळतं. पंधरा मिनिटांचं बोलणं असलं तरी माझ्या वाट्याला दोन वाक्यं येतात. उलटा फोन लावावा तर तिची कामाची वेळ, आणि मिस्त्रींचा नव्या सिग्नलचा फोन म्हणजे दुकानाचा फोन, दर दोन मिनिटांनी कोणीतरी विहिरीवरून ओरडत असतं.

माझा स्वतःचा फोन का नाही, हे लोकांना खोटं वाटेल. घरात जुन्या फोनांच्या तीन पेटाऱ्या भरलेल्या आहेत. माझ्यासाठी म्हणून दोनदा आला. पहिला मिस्त्रींनीच आणला, डोक्यावर दिव्याचा. नऊ दिवस माझ्याकडे होता. नवव्या दिवशी त्यांना पेटीची युक्ती सुचली आणि हाताशी तोच होता. आमच्या अर्ध्या एकरातल्या विहिरीवर पहिली पेटी बसली ती माझ्या फोनची. दुसरा मुलीने लग्नानंतर पाठवला. तिने हिरव्या बटणावर नखाच्या रंगाचा लाल ठिपका दिला होता, म्हणजे मला घाईत सापडावं. तो महिनाभर टिकला. मग लिंबूवालीच्या विहिरीला पूर आला, तिची पेटी बुडाली, पाऊस ओसरल्यावर झाडं सुकायला लागली आणि बाजारात फोन मिळेना. मिस्त्री म्हणाले, तात्पुरता देऊ. सात वर्षं झाली.

ही लिंबूवाली म्हणजे एकटी बाई. नवरा गेला, मुलं शहरात, दीडशे झाडं लिंबाची आणि तोंड लिंबाहून आंबट. तिचं घर टेकडीच्या अलीकडे, विहीर पलीकडे. पेटी नसेल तर तिला दिवसभर टेकडीच चढावी उतरावी लागेल, आणि वय सत्तरीच्या पुढे. तिची पेटी सतरावी होती. सहाव्या दिवशी सकाळी मी ती उघडली तेव्हा आत तो फोन होता. लाल ठिपका फिका पडला होता, पण होता. मी तो पुसला आणि माझ्या कंबरेच्या कापडी पिशवीत टाकला. चालणार नव्हताच तो आता.

तिचा नवा फोन मी आदल्या संध्याकाळी जोडला होता, दिवसातला चौथा. डोळ्यात नुसता दुधाचा डाग. जोडलं, जिभेला लावलं, रिंग दिली. आंबूस लागलं. ठेवून दिला.

मिस्त्रींनी बसवला. रिंग दिली, मोटार लागली, पाणी आलं.

"चालू राहू दे," लिंबूवाली म्हणाली. "पहिल्या ओळीला दोन दिवस पाणी नाही. मी घरून बंद करते."

"दोन तासांनी करा. विहिरीत तेवढंच आहे," मिस्त्री म्हणाले. आम्हाला अजून तीन विहिरी होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला तो मोटारी भरून देणाऱ्याच्या, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळणाऱ्याच्या दुकानातून. दोघांनी या, म्हणून.

दुकानात शिरतानाच जळक्या वार्निशाचा वास आला. लिंबूवालीची मोटार खाली फरशीवर उघडी पडली होती, आतली तांब्याची तार काळी ठिक्कर. लिंबूवाली उलट्या बादलीवर बसली होती. तिचे पाय धुळीने गुडघ्यापर्यंत भरलेले. आणखी चार-पाच माणसं आपापल्या मोटारी घेऊन थांबलेली, त्यातल्या तिघांच्या विहिरींवर आमच्या पेट्या.

"ही कोरडी चालली," दुकानदार म्हणाला. "पाच-सहा तास तरी. पाणी संपल्यावर नुसती फिरत राहिली."

"मी दोन तासांनी रिंग दिली होती," लिंबूवाली म्हणाली. "मला वाटलं झाली बंद. दुपारी गेले तर धूर."

पेटी बाजूलाच ठेवली होती. मिस्त्रींनी फोन उघडला, चष्मा लावला आणि उजेडात धरला. मला बघायची गरज नव्हती. दोन जागांमधली ती केसाएवढी फट कथिलाने भरली होती, त्यामुळे एकदा आलेला करंट थांबतच नव्हता. मी त्या संध्याकाळी जिभेला एकच विचारलं होतं, करंट येतोय का. थांबतोय का, हे मी विचारलंच नाही. जुन्या फोनांत विचारावं लागायचं नाही.

"काय झालंय मिस्त्री?" कोणीतरी म्हणालं. "आमच्याही तुम्हीच बदलल्यात ना परवा?"

सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी फोन खाली ठेवला, हात पँटला पुसले आणि म्हणाले,

"हे जोडकाम माझं नाही. हिने केलंय. मी हिला म्हणत होतो, घाई करू नकोस."

असं ते म्हणाले. तीस वर्षांत पहिल्यांदा चार माणसांत त्यांनी सांगितलं की काम मी करते. मी इतकी वर्षं मनात ह्या वाक्याची वाट बघितली असेन, नाही कशाला म्हणू. कुठल्या तरी विहिरीवर, खुर्चीत बसल्या बसल्या, चहाचा कप हातात धरून ते सहज म्हणतील, अहो हे सगळं हिचं आहे. आलं ते हे असं आलं. मी भिंतीला हात लावला.

"बायकांच्या हातात करंटचं काम कशाला देता मिस्त्री," मागून एकजण म्हणाला. दोघं हसले.

"जरा थांब रे," लिंबूवाली म्हणाली. ती बादलीवरून उठली नाही. "मिस्त्री, ही पेटी हिने केली?"

"हो."

"मग त्याच्या आधीची? सात वर्षं चालली ती?"

मिस्त्री मोटारीकडे बघत राहिले.

"अहो मी तुम्हाला विचारतेय. ती कोणी केली होती?"

लिंबूवालीने माझा हात धरला आणि मला खाली, तिच्यासमोर बसवलं. माझी बोटं उलटी केली. कथिलाच्या ठिपक्यांनी भाजलेली बोटं आहेत माझी, अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत पांढरे बारीक डाग, जुने, नवे. मग तिने मिस्त्रींच्या हातांकडे बघितलं. दुकानदारानेही बघितलं. त्याची स्वतःची बोटं अशीच आहेत, त्यामुळे त्याला कोणी सांगावं लागलं नाही. हसणारे हसायचे थांबले.

"मोटार भरून देतो मी," मिस्त्री हळू आवाजात म्हणाले.

"ती तर द्याच. पण ती तयार होईपर्यंत माझी झाडं थांबणार नाहीत. लहान झाडं आहेत तीस. त्यांना शेजारच्या विहिरीवरून पाणी घालायचं, तुम्ही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तू तुझा नंबर दे मला. उद्या काही झालं तर मी ह्यांना कशाला फोन करू, काम करणारीलाच करीन."

"माझा नंबर नाही," मी म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"माझ्याकडे फोन नाही."

ह्यावर कोणी हसलं नाही. लिंबूवालीने माझा हात सोडला, मिस्त्रींकडे एकदा बघितलं आणि पायावरची धूळ झटकायला लागली.

आम्ही घरी आलो. दार उघडून त्यांनी चप्पल काढली, पाणी प्यायले, आणि उंबऱ्याशीच उभे राहिले.

"तोंडातून निघून गेलं."

"तीस वर्षं निघालं नाही, आज बरं निघालं."

"सगळे बघत होते गं."

"मीही बघत होते."

ते खाली बसले. गुडघे धरून, हळूहळू, भिंतीला पाठ घासत. "पण तुझ्या हातून असं होतं कसं?" त्यांनी विचारलं, आणि ते खरंच विचारत होते.

"मला दिसत नाही. उजव्या डोळ्याने."

"कधीपासून?"

"मागच्या हंगामापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बाजारात बारा दिवस सांगून आलात, तेव्हा मला विचारलं होतं?"

ते आपल्या तळहातांकडे बघत उठले आणि आतल्या खोलीत गेले. माझ्या जागेवर बसले. त्या जागी त्यांना बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं. माझा बसायचा ठोकळा त्यांना फार बुटका पडत होता, पाय मावत नव्हते.

कावीळ हातात घेतली. "सांग," म्हणाले.

पुढचे दिवस असे गेले. पहाटे उठून लिंबूवालीच्या झाडांना पाणी. चार दिवस. शेजारच्या विहिरीवरून डबे भरायचे, बांधावरून चालत जायचं, एकेका आळ्यात रिकामे करायचे. मिस्त्री दोन डबे उचलायचे आणि प्रत्येक चढाला थांबून गुडघ्याला शिव्या घालायचे. लिंबूवाली खुर्ची टाकून बसायची आणि आळी मोजायची. चौथ्या दिवशी मोटार भरून आली, बसली. तिने दोघांनाही चहा दिला. मला आधी.

आल्यावर जोडकाम. ते जोडायचे, मी शेजारी बसून ऐकायचे. कथिल नीट धरलं की बारीक चुर्र होतं आणि थांबतं. जास्त झालं की चुर्र लांबतं. ते मला डोळे मिटूनही कळतं.

"जास्त झालं. पुसा."

"नाही झालं."

"झालं. पुसा."

पहिल्या दिवशी त्यांनी तीन बोटं भाजली आणि एक फोन वाया घालवला. दुसऱ्या दिवशी एक बोट. त्यांचा घाम फोनवर टपकायचा, आणि मधूनच म्हणायचे, "हे तू रोज करायचीस?" मी पुढचा फोन त्यांच्याकडे सरकवायचे. जीभ मात्र मीच लावायची, दोनदा. एकदा येतोय का म्हणून, एकदा थांबतोय का म्हणून. आधी बदललेल्या सोळाही मी परत फिरून तपासल्या. मालक आता खुर्ची कोणाला द्यायची ह्या विचारात पडायचे. एकाने दोन आणल्या. बहुतेकांनी मिस्त्रींनाच दिली. सवय असते माणसांना.

तीस तारखेला दुपारी चाळीस पेट्या झाल्या. उरली ती आमची, पहिली, माझ्या नऊ दिवसांच्या फोनाची. तिच्यासाठी आणलेला नवा फोन फळीवर होता, काळा.

मिस्त्रींनी कावीळ तापवली. हात आता बराच बसला होता त्यांचा. "आण गं तो शेवटचा."

"तो नाही."

"नाही म्हणजे?"

"तो माझ्याकडे राहणार आहे. त्यात माझं सिम घातलंय. सकाळी आणलं मी, समोरच्या काचेच्या दुकानातून. त्यातलं काही काढायचं नाही."

"अगं पण आपली विहीर?"

"चालत जा. बटण हाताने दाबा. पंचवीस मिनिटांची वाट आहे."

त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं. म्हणाले, "माझी गॅरंटी एक्केचाळिसांची होती."

"चाळीस लोकांची झाली. राहिलेली एक माझी आहे, मी काही मागत नाही."

त्यांनी कावीळ बंद केली.

त्या संध्याकाळी मी मुलीला फोन लावला. तिने उचलला आणि घाबरून म्हणाली, "बाबांना काय झालं? हा कोणाचा नंबर?"

"माझा," मी म्हणाले.

तिला ते खरं वाटेना. मग पुन्हा विचारलं, "तुझा? तुझ्या एकटीचा?" मी हो म्हटलं. मग ती रडायला लागली, आणि बरंच काही बोलली जे 'जरा अशक्तपणा' ह्या दोन शब्दांत मावणारं नव्हतं. काय ते मी सांगणार नाही. ते माझ्या फोनवरचं बोलणं आहे. मी ते पूर्ण ऐकलं. मिस्त्री अंगणात झाडलोट करत राहिले, झाडून झालेलं अंगण पुन्हा झाडत राहिले.

एक तारखेला सकाळी साडेपाचला ते काठी घेऊन निघाले. मी चूल सारवली, पाणी भरलं, चहा ठेवला. सहा वाजले, विहिरीवर लाईट यायची वेळ झाली. आणि माझ्या कंबरेशी, पिशवीत, काहीतरी जिवंत असल्यासारखं थरथरलं. मी दचकले, हातातली गाळणी पडली. एवढ्या फोनांतली ती चकती मी ह्या हातांनी काढली असेल, पण ती अंगाला लागते कशी हे मला ठाऊक नव्हतं.

एक रिंग होऊन थांबेल म्हणून मी थांबले. विहिरीची रीत तीच आहे, उचलायचा नसतो. तो थांबेना. मी बाहेर काढला, हिरवं बटण शोधलं. त्यावर लाल ठिपका मी कालच दिला होता.

"हॅलो," मिस्त्री म्हणाले. मागे मोटारीची घरघर. "ऐकू येतंय का?"

"येतंय."

आम्ही एकमेकांशी फोनवर कधी बोललोच नव्हतो.

"पाणी आलंय," ते म्हणाले.

"तिथेच थांबा," मी म्हणाले. "कोरडी चालू देऊ नका." आणि फोन ठेवून गाळणी धुवायला घेतली.